न हरवलेला डबा परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंचा विभाग,
मिनाकोशी पोलीस ठाणे, मिनाकोशी.

विषय : पावती क्र. ४१८ अन्वये आपल्याकडे जमा असलेला, परंतु मुळात न हरवलेला डबा दि. ३० सप्टेंबर रोजी नष्ट न करता परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज दि. ५ ऑगस्ट व आपले उत्तर दि. १४ ऑगस्ट.
२) अर्जदाराचा अर्ज दि. २५ ऑगस्ट व आपले उत्तर दि. ५ सप्टेंबर.
३) ज्येष्ठ नागरिक साहाय्य कक्षाची गृहभेट दि. ८ सप्टेंबर (अर्जदाराने मागितली नव्हती).

महोदय,

१. या एकाच विषयावरचा हा तिसरा अर्ज आहे. आधीचे दोन नियमात बसत नाहीत असे आपण कळवले, आणि ते खरोखरच बसत नव्हते. अर्जदार मिझोबुची तात्सुझो, वय ६७, याने येथील रेल्वेच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर एकतीस वर्षे काढली असल्याने हे नियम त्याला तोंडपाठ आहेत. वस्तू तीन महिने सांभाळायची, मालक आला तर ओळख पटवून हवाली करायची, न आला तर विल्हेवाट लावायची. अर्जदाराने अशा रीतीने चाळीस हजारांवर छत्र्यांची विल्हेवाट लावली आणि त्याबद्दल निवृत्तीच्या दिवशी त्याला एक छत्रीच भेट मिळाली. आपली दोन्ही उत्तरे पाकीट फोडण्याआधीच त्याला ठाऊक होती. त्यातली काही वाक्ये तर त्याच्याच जुन्या मसुद्यांतली वाटावीत इतकी ओळखीची होती. तरीही पुन्हा अर्ज करीत आहे, कारण ठोठावायला दुसरे दार नाही.

२. वस्तूचे वर्णन : लहान मुलाचा ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा, नग एक. झाकणावर पिवळ्या आगगाडीचे चित्र. त्या गाडीचा तिसरा डबा पुसट झाला आहे, कारण अर्जदाराचा मुलगा केइगो बालवाडीत असताना झाकण उघडायला अंगठा नेमका तिथेच दाबायचा. आत प्लास्टिकच्या पिशवीत एक नोंदवही, एक आखूड पेन्सिल, काचेच्या दोन गोट्या आणि सादो बेटावरचा एक शिंपला. आपल्या दप्तरी 'जेवणाचा डबा, वापरलेला, एक' अशी नोंद आहे. डबा वापरलेला होता हे बरोबर आहे.

३. हा डबा कोणाच्या हातून पडला नव्हता, कोणी विसरलाही नव्हता. तो ठेवलेला होता. जिओकॅशिंग म्हणून एक खेळ आहे. त्यात एकाने डबा लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि बाकीच्यांनी हातात यंत्र घेऊन तो हुडकायचा. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचे, हवी तर एखादी वस्तू घ्यायची, तिच्या जागी आपली ठेवायची आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून निघायचे. आठवडाभर लोकांनी विसरलेल्या वस्तू सांभाळणाऱ्या माणसाने रविवारी मुद्दाम दडवलेल्या वस्तू शोधत हिंडावे, याला अर्जदाराची पत्नी योशिए 'खोड' म्हणत असे. पायात बूट मात्र सगळ्यांच्या आधी तिचे असत.

केइगो नऊ वर्षांचा असताना, २९ एप्रिलच्या सुट्टीला, या तिघांना पहिला डबा सापडला. पुढे ते वेडच लागले. बाहेर पाऊस असला तर घरातच खेळ चाले. अर्जदार एक छोटी डबी लपवी आणि चिठ्ठीवर खुणा लिहून ठेवी. एकदा ती तांदळात लपवली, तर योशिएने न बघता भाताबरोबर शिजवली आणि केइगोला ती ताटात सापडली. 'बाबा, ही सापडलेली धरायची की वाढलेली?' असे त्याने विचारल्याचे अर्जदाराला आजही आठवते. सहली तर डब्यांच्या नकाशावरूनच ठरत. मात्सुएला गेले आणि किल्ला बघायचा राहून गेला. सादो बेटावर बंदराच्या भिंतीवरून केइगो घसरला आणि त्याच्या डाव्या भुवईला खाच पडली. रक्त पुसताना तो एकच विचारत होता, 'वहीत लिहिलंत ना कोणी?'

वह्या लहान, नावे लांब. म्हणून तिघांनी मिळून एक खूण ठरवली. प्रवासात योशिए तिघांसाठी तीन ओनिगिरी बांधून घेई, त्या भाताच्या त्रिकोणांवरून केइगोने तीन त्रिकोण ओळीने काढायचे सुचवले. बाप, आई, मुलगा. जपानभरच्या एकशे सत्तर वह्यांत आणि तैवानमधल्या दोन वह्यांत हे तीन त्रिकोण आजही असतील. केइगो अकरा वर्षांचा झाल्यावर त्याने स्वतःचा बालवाडीतला डबा दिला आणि तिघांनी तो इनारीच्या देवळामागच्या चढावर, जुन्या देवदाराच्या मुळांतल्या पोकळीत ठेवला. त्यासाठी तेव्हाच्या पुजाऱ्यांची तोंडी परवानगी घेतली होती. पुजारी आता हयात नाहीत, आणि अर्जदाराने ती परवानगी लेखी घेतली नाही, ही त्याच्या आयुष्यातली बहुधा एकमेव बेशिस्त आहे.

४. दुसरी चूक बेशिस्तीची नव्हती, शिस्तीची होती. वयाच्या पंचविसाव्या वर्षी केइगो शहरातली नोकरी सोडून एका पिशवीनिशी घरी आला. काय झाले ते सांगेना. दिवसा झोपे, जेवायला येई, ताट धुऊन पुन्हा खोलीत जाई. योशिए म्हणे, 'राहू दे हो, बोलेल आपणहून.' अर्जदाराने पन्नासेक दिवस कळ काढली. मग एके दिवशी जेवताना तो म्हणाला, 'वस्तूसुद्धा आम्ही तीनच महिने ठेवतो.'

योशिएच्या हातातल्या जेवायच्या काड्या खाली गेल्या. 'अहो, काय बोलताय हे? तो काय छत्री आहे?'

केइगो हसला. 'असू दे आई. नियम सगळ्यांना सारखा.'

ब्याण्णवाव्या दिवशी सकाळी खोली रिकामी होती. गादी घडी करून ठेवलेली होती. टेबलावर घराची किल्ली होती आणि तिला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती. त्यावर अनुक्रमांक, जमा केल्याची तारीख आणि 'किल्ली, पितळी, एक' असे लिहिले होते. अर्जदार एकतीस वर्षे जशी चिठ्ठी बांधत आला, अगदी तशी. गाठसुद्धा तीच. ती किल्ली अर्जदाराने अद्याप सोडवलेली नाही.

तेव्हा अर्जदार आपल्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या बेपत्ता व्यक्तींच्या कक्षात आला होता. तिथल्या अधिकारी बाई फार सौजन्याने वागल्या. म्हणाल्या, 'काका, मुलगा सज्ञान आहे. स्वतःच्या मर्जीनं गेलाय. म्हणजे तो हरवलेला नाही.' अर्जदाराने त्यांना वाकून नमस्कार केला आणि परत आला, कारण त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते.

५. पुढच्या वर्षी मे महिन्यात अर्जदार आणि योशिए डब्यातली पेन्सिल बदलायला देवळामागे गेले. वहीत २९ एप्रिलची नोंद होती. नाव नाही, निरोप नाही. फक्त तारीख आणि तीन त्रिकोण, पेन्सिल कागदात रुतेल इतक्या जोराने काढलेले. योशिए वही मांडीवर घेऊन तिथेच मुळावर बसली. 'तीन काढलेत हो,' ती म्हणाली. 'अजून तिघंच धरतोय आपल्याला.' परतताना तिने बाजारातून मासा घेतला. घरात सहा महिन्यांनी मासा शिजला.

तेव्हापासून दर वर्षी २९ एप्रिलला तो येऊन जाई आणि ३ मे रोजी हे दोघे जाऊन वही बघत. सहा वर्षे, सहा नोंदी. एका वर्षी अर्जदाराच्या मनात आले की २९ तारखेला झाडाआड बसून राहावे. योशिएने त्याला साफ अडवले. 'त्याला धरायला जाल तर डबाही हातचा जाईल,' ती म्हणाली. अर्जदाराने तिचे ऐकले. मुलाने वर्षातून एकदा जिवंत असल्याचे कळवावे आणि आईबापाने चार दिवसांनी ते वाचावे, एवढाच त्या घराचा संसार उरला होता, आणि तो त्या डब्यात मावत होता.

६. या वर्षी एप्रिलमध्ये योशिएला रुग्णालयात ठेवावे लागले. पोटातला आजार पसरला होता. मे गेला, जून गेला. अर्जदार सकाळ-दुपार तिच्या खाटेपाशी असे, आणि त्यातून उठून डोंगर चढणे झाले नाही. अखेर ३ ऑगस्ट रोजी तो देवळामागे गेला. पोकळी रिकामी होती. दुसऱ्या दिवशी त्याने स्टेशनसमोरच्या चौकीत विचारपूस केली. तेथील शिपाई श्री. इनुई यांनी रजिस्टर उघडले आणि डबा सापडला, म्हणजे कागदावर सापडला. तो २९ एप्रिल रोजीच जमा झाला होता.

अर्जदाराने विचारले, कोणी आणून दिला? श्री. इनुई तरुण आहेत, मोकळे आहेत. त्यांनी सांगितले ते असे : 'असेल तिशी-पस्तिशीचा. डाव्या भुवईत खाच होती बघा. खुर्चीत बसून फॉर्म भरला, आणि इतका सुबक फॉर्म मी नोकरीत पाहिला नाही, काका! एक रकाना मोकळा सोडला नाही. मालकी नको, नाव कोणाला सांगायचं नाही, दोन्हीकडे खुणा केल्या. मी म्हटलं, अहो, डबाच तर आहे, होता तिथं ठेवायचा. तर म्हणाला, "राहू दे इथंच. घ्यायला येईल एक जण. तीन महिन्यांच्या आत येणारा माणूस आहे तो."'

अर्जदार चौकीतल्या खुर्चीत बसला. खुर्ची एकच होती, तेव्हा तीच असणार. तो दिवस सत्त्याण्णवावा होता. मुदत २९ जुलै रोजी संपली होती.

अर्जदाराची अवस्था पाहून श्री. इनुई यांनी चहा दिला आणि धीर देण्यासाठी आणखी एक गोष्ट सांगितली. 'तसा जरा विसराळूच वाटला हो. कुठे सापडला या रकान्यात त्यानं लांबलचक आकडे लिहिले, अंश, कला, सगळं. सुरुवात उत्तर त्रेचाळीसनं. आपलं गाव छत्तीसात! त्रेचाळीस म्हणजे पार उत्तरेचं होक्काइदो झालं. डबा तर इनारीमागचा, तो स्वतःच म्हणाला. मग मीच नंतर दोन रेघा मारून बरोबर जागा लिहिली, शिक्का मारला.'

जो मुलगा नवव्या वर्षापासून अक्षांश वाचतो, तो सात अंशांनी चुकत नाही. तो डब्याचा पत्ता नव्हता. तो त्याचा होता. मुलाने बापाला सात वर्षांनी आपला ठावठिकाणा कळवला, बाप ज्या एका भाषेत समजतो त्या भाषेत, म्हणजे फॉर्मच्या रकान्यात, आणि बाप ज्या खिडकीवर न चुकता येईल असे त्याला वाटले त्या खिडकीवर. बाप सहा दिवस उशिरा पोहोचला.

७. यावर अर्जदाराने केलेल्या अर्जांना आपण दिलेली उत्तरे थोडक्यात अशी. पहिले : मुदत संपल्याने मालकीचा दावा करता येत नाही, वहीत त्रयस्थ व्यक्तींची नावे असल्याने ती वैयक्तिक माहिती ठरते, सबब वही यंत्रात घालून नष्ट करण्यात येईल व डबा भंगारात जाईल. दुसरे : अर्जदाराच्या म्हणण्याप्रमाणे वस्तू हरवलेली नसून ठेवलेली असल्यास हा विभाग तिच्याबाबत विचार करू शकत नाही, परवानगीविना वस्तू ठेवल्याबद्दल उद्यान खात्याशी संपर्क साधावा. उद्यान खाते म्हणाले, जमीन देवळाची. देवळाचे नवे विश्वस्त म्हणाले, डबा पोलिसांकडे आहे ना, मग आमचा संबंध संपला.

राहिले ते आकडे. त्याबाबत आपण लिहिता की, ते आकडे जर आणून देणाऱ्याचा पत्ता असतील तर त्याची संमती नसल्याने देता येत नाहीत, आणि पत्ता नसतील तर ती लेखनातली चूक असून दुरुस्त झाली आहे, त्यामुळे देण्यासारखे काही नाही. हे उत्तर अर्जदाराने चार वेळा वाचले. त्यात कुठेही फट नाही. अर्जदार नोकरीत असता तर त्याने हा मसुदा आपल्या टेबलावरच्या काचेखाली ठेवला असता.

८. मधल्या काळात अर्जदाराने स्वतःच्या बुद्धीने एक उपाय केला आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतले, तेही नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. १० ऑगस्ट रोजी त्याने त्याच पोकळीत नवा डबा ठेवला. १२ तारखेला फिरायला आलेल्या एका सज्जन आजींनी तो चौकीत जमा केला. अर्जदाराने तो सोडवला आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत 'हा डबा हरवलेला नाही' असे लिहून पुन्हा ठेवला. दोन दिवसांनी एका शिक्षकांनी तोही जमा केला. त्यासोबत 'ज्याने एवढे लिहिले त्याला तो हरवल्यावर किती वाईट वाटत असेल' अशी चिठ्ठीही होती. आता वस्तीच्या सुरक्षा मंडळाने ती पोकळी आपल्या रोजच्या फेरीत घेतली आहे. या गावात डबा चोरीला जात नाही. चोरीला गेला असता तर निदान चोराशी बोलता आले असते.

एका महिन्यात एकच वस्तू दोनदा हरवल्याने अर्जदाराचे नाव 'वारंवार वस्तू विसरणारे ज्येष्ठ' या यादीत गेले. ८ सप्टेंबर रोजी साहाय्य कक्षाच्या दोन ताई घरी आल्या. 'आजोबा, आज वार कोणता? शंभरातून सात गेले किती?' असे त्यांनी विचारले. अर्जदाराला तीसपैकी तीस गुण मिळाले. जाताना एक ताई हळूच दुसरीला म्हणाली, 'मग डबे का विसरतात गं?'

९. येथे विषयाला सोडून एक गोष्ट लिहितो. अर्जदाराच्या नोकरीतल्या विसाव्या वर्षी एक बाई खिडकीवर आल्या होत्या. विणलेला करडा हातमोजा, एकच, डाव्या हाताचा. नोंद सापडली, पण ब्याण्णवावा दिवस होता. मोजा मागच्या टोपलीत अजून पडलेला अर्जदाराला बसल्या जागेवरून दिसत होता. तरी त्याने नियमाचे कलम वाचून दाखवले, आणि वर बोलला, 'बाई, एका मोज्याचं काय करणार तुम्ही?' त्या वाकून नमस्कार करून गेल्या. त्यांचा चेहरा अर्जदाराला आठवत नाही, मोजा आठवतो. करावे तसे भरावे म्हणतात. अर्जदार भरतो आहे आणि त्याबद्दल त्याची तक्रार नाही. पण यात योशिएची काही चूक नव्हती.

१०. योशिएने रुग्णालयात मेच्या पहिल्याच आठवड्यात विचारले होते, 'अहो, किती काढलेत यंदा?'

अर्जदाराने 'तीन' असे सांगितले. नोकरीत आणि संसारात मिळून त्याने लिहिलेली ही पहिली खोटी नोंद.

ती म्हणाली, 'नीट सांगा. खोटं बोललात की तुमचा कान लाल होतो.' आणि मग रोज, 'वही आणा. मला बघू दे. एवढंसं तर आणायचंय.' अर्जदार रोज काही ना काही कारण सांगतो. काल विसरलो, आज पाऊस होता, उद्या नक्की. परवा ती म्हणाली, 'काढायचे बंद केलेत का त्याने?' अर्जदार नाही म्हणाला. पण खरे काय ते त्याला ठाऊक नाही. ठाऊक फक्त आपल्या कपाटाला आहे.

११. सबब, खालील मागण्या सादर आहेत. तिन्ही मान्य होणार नाहीत हे गृहीत धरून त्या महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने लिहिल्या नाहीत. जी मान्य होईल ती व्हावी.

(अ) पावती क्र. ४१८ च्या मूळ प्रतीतील खोडलेले आकडे अर्जदारास एकदा वाचू द्यावेत. कार्यालयीन दुरुस्ती दोन बारीक रेघांनी होते, ती खालचा मजकूर वाचता यावा याचसाठी, हे आपणास सांगणे न लगे. आकडे कागदावर आहेत. त्यांच्यावर फक्त दोन रेघा आहेत.

(ब) ~~वही देता येत नसल्यास, या वर्षीच्या २९ एप्रिलच्या नोंदीत किती त्रिकोण आहेत तेवढे आपल्या कर्मचाऱ्याने पाहून रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर दूरध्वनीने कळवावे. उत्तर एक अंकी आहे. त्यात कोणाची वैयक्तिक माहिती नाही.~~ (खोडले. शिक्का : मिझोबुची)

(क) डबा वहीसह परत द्यावा. आणि इनारीच्या देवळामागील देवदाराच्या पोकळीत ठेवलेला डबा हरवलेला समजू नये, असा एक ओळीचा आदेश चौकीस व सुरक्षा मंडळास द्यावा.

१२. वरील परिच्छेद १ ते ११ दि. १७ सप्टेंबर रोजी लिहिले. मागणी (ब) आज रद्द करण्यात येत असून दुरुस्ती ग्राह्य धरावी. मिझोबुची योशिए, वय ६४, या काल दि. १८ रोजी सकाळी सव्वाअकरा वाजता वारल्या. अर्ज नव्याने लिहायला हवा होता, परंतु हात चालत नाही.

शेवटी तिने पुन्हा विचारले, किती. मी तीन म्हणालो. तिचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे माझा कान तिला दिसला नाही.

महोदय, आता माझी घाई संपली आहे. पण एक काम राहिले आहे आणि ते मला एकट्याला करता येत नाही. केइगोला आई गेल्याचे कळवायचे आहे. त्याचा पत्ता आपल्याकडे दोन रेघांखाली आहे आणि तो मला मिळणार नाही. मी आपल्या जागी असतो तर मीही दिला नसता. मग उरतो पुढचा २९ एप्रिल. तो एकदा येऊन बघेल असे मला वाटते. बाप तीन महिन्यांच्या आत आला असता, तर डबा पुन्हा जागेवर असता. पोकळी रिकामी दिसली की तो समजेल, बाप आलाच नाही. बाप सहा दिवस उशिरा आला, हे कळायला पोकळीत काहीच नसेल. तो परत जाईल, आणि त्याच्या हिशेबी आम्ही दोघेही जिवंत असू आणि दोघांनाही तो नको असेल.

त्याच्या आईने त्याला एक दिवसही नको म्हटले नाही. एवढे त्याला कळावे म्हणून ती पोकळी एका डब्यापुरती मोकळी ठेवावी. जुना डबा मिळाला तर जुना. नाही तर कुठलाही.

खिडकीच्या या बाजूस उभा,
आपला नम्र,

मिझोबुची तात्सुझो (सही व शिक्का)
दि. १९ सप्टेंबर, रेइवा ७ (सन २०२५)

सोबत :
१. घराच्या किल्लीचे छायाचित्र, चिठ्ठीसह. (मूळ किल्ली देता येत नाही.)
२. ज्येष्ठ नागरिक साहाय्य कक्षाचा निकाल, तीसपैकी तीस.
३. मिझोबुची योशिए यांच्या मृत्यू दाखल्याची प्रत.
४. नवी नोंदवही, नग एक, मागणी (क) मान्य झाल्यास डब्यात ठेवण्यासाठी. पहिल्या पानावर तारीख घालून दोन त्रिकोण काढले आहेत. बाकीची पाने कोरी.